शिराकुरांच्या घरचा पडदा

११ नोव्हेंबर

आले बाई क्योतोला एकदाची! हातात ट्रंक, पाठीवर गाठोडं आणि स्टेशनापासून नुसता चढ. दम लागला, पण हसू काही आवरत नव्हतं. दारावर केवढी थोरली पाटी: अखिल जपान वंशावळ व कुलचिन्ह अभ्यास मंडळ. त्या पाटीखालून मी, ओसाकाच्या अनाथाश्रमात वाढलेली कावाबे मिसाओ, चपला काढून ऐटीत आत शिरले. मी कुणाची पोर ते मला ठाऊक नाही, सरकारलाही नाही. युद्धात शहर जळलं तेव्हा पुलाखाली सापडले. आडनाव महापौरांच्या कचेरीनं दिलं, नाव आश्रमाच्या बाईंनी ठेवलं. मला दोन्ही फार आवडतात. कुणाची जुनी, उतरवून दिलेली नाहीत. नवी कोरी आहेत आणि माझी आहेत.

काम माझ्या हातचं आहे. मंडळाकडे देशभरच्या घराण्यांच्या चिन्हांचे नमुने आहेत, त्यांची शाई उडत चाललीय. ते सगळे नव्यानं काढायचे. बांबूचा कंपास आणि केसाएवढा कुंचला घेऊन रेशमावर चिन्हं काढायचं काम मी चौदाव्या वर्षापासून करतेय, त्यामुळे त्याची धास्ती नाही. राहायला माडीवरची खोली दिलीय. खिडकीशी मेपलचं झाड आहे, पानं अजून लाल आहेत.

ट्रंक उघडून आधी काळा किमोनो बाहेर काढला. ओसाकात जिथं काम करायचे, त्या रेशीम रंगवायच्या कारखान्याच्या मालकांनी निरोपाला दिलेला. छातीवर दोन, बाह्यांवर दोन आणि पाठीवर एक अशी पाच पांढरी वर्तुळं त्यात कोरी सोडलेली आहेत. जिथं लग्न होईल त्या घरचं चिन्ह त्यांत भरायचं. माझं लग्न वसंतात, तोकुजिशी. फुशिमीच्या तोफूवाल्याचा मुलगा तो, त्याच्या जवळ राहता यावं म्हणून तर ही नोकरी धरली. त्यांच्याकडेही चिन्हबिन्ह काही नाही. म्हणून मी मनानंच एक काढणार आहे, आमचं घराणं आमच्यापासून सुरू. तोकुजि म्हणतो, तोफूचा चौकोन काढ, तुला सोपा आणि मला ओळखू येईल. वेडा आहे नुसता.

१६ नोव्हेंबर

इथली माणसं म्हणजे एकेक नग आहे! सगळी नाकानं कांदे सोलतात. चिटणीस सेन्गोकुसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, की कुठल्या कावाबे तुम्ही, हारिमाकडच्या की ताम्बाकडच्या? मी म्हटलं, पुलाखालच्या. चहाचा असा ठसका लागला त्यांना, की ओतामिला धावत येऊन पाठ चोळावी लागली.

ही ओतामि म्हणजे घर सांभाळणारी बाई. तोंडाची फाटकी. मी किमोनो वाऱ्यावर टाकला होता, तर हिनं वर्तुळं पाहिली आणि स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं, की पोरगी पाठीवर तांदळाचं पांढरं गोल मोची थापून आलीय. झालं! तेव्हापासून सगळे सभासद मला मोचीबाई म्हणतात. मोचीबाई, शाई आणा. मोचीबाई, भाजून खाल्लं का एखादं? एका म्हाताऱ्यानं तर माझ्या हातचा चहा परत पाठवला, म्हणे आधी कूळ कळू दे. मी तो चहा त्याच्यासमोर उभी राहून घटाघटा प्यायले आणि म्हटलं, छान झालाय.

खोलीत आल्यावर मात्र दार लावून घेतलं. रडले नाही. यांच्यासाठी रडायला ही माझी कोण लागतात?

२३ नोव्हेंबर

अध्यक्ष शिराकुरासाहेब आजारी आहेत. हे घर त्यांचंच. मागच्या दालनात पडद्याआड अंथरुणावर असतात. रोज सकाळी सभासद एकेक करून आत जातात, बाहेर येतात आणि येताना प्रत्येक जण म्हणतो, आज तब्येत बरी दिसते. इतकी बरी दिसते, तर खोकल्याचा आवाज तरी यावा!

आज सेन्गोकुसाहेबांच्या पोटात साके दारू गेली होती, मूड झकास होता. जुन्या सरदार घराण्यांच्या गोष्टी सांगत बसले. वारस न ठेवता घरातला मुख्य माणूस मेला की त्या काळी घराणंच बुडीत निघायचं. जमीन जप्त, चाकरमाणसं रस्त्यावर. मग चाकरमाणसं काय करायची, तर मेलेल्याला मेला म्हणायचीच नाहीत. त्याला पडद्याआड ठेवायची, बाहेरून कुणीतरी पोरगा धरून आणायची आणि सरकारी माणसासमोर पडद्याआडूनच दत्तक द्यायची. मेलेल्याच्या बोटांत शिक्का धरून उमटवायची. सरकारी माणसाच्या नाकात वास जायचा, तरी तो वाकून म्हणायचा, आज तब्येत बरी दिसते! एवढं सांगून सेन्गोकुसाहेब मांडीवर थाप मारून हसले. मीही हसले. ओतामि मात्र खाली बघून तांदूळ धूत राहिली.

शिराकुरासाहेबांनाही मूलबाळ नाही म्हणे. वंश संपला की घर आणि सगळा संग्रह सरकारजमा, असं त्यांच्या आजोबांनी मंडळाला घर देतानाच ठरवून ठेवलंय. म्हणजे म्हातारा गेला की मंडळाची पाटी खाली. तरीच यांच्या कपाळावरच्या आठ्या जात नाहीत.

२८ नोव्हेंबर

रविवार. फुशिमीला गेले. तोकुजिच्या आईनं गरमागरम सोयाबीनचं दूध दिलं आणि माझे हात धरून म्हणाली, की किती गार गं हे, शेगडी देतात की नाही त्या खोलीत? मोचीबाईचा किस्सा सांगितला तर तोकुजि भडकला. म्हणाला, आत्ताच्या आत्ता सोड ती नोकरी. मी म्हटलं, नमुने पुरे होईपर्यंत थांबते. हातातलं काम अर्धवट टाकायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं.

४ डिसेंबर

आज मला पहिल्यांदाच आत बोलावलं. अध्यक्षांना तुमचं काम बघायचंय, असं सेन्गोकुसाहेब म्हणाले. दालनाबाहेर सगळे सभासद रांगेत बसलेले, सगळे चिन्हांच्या काळ्या कपड्यांत, जशी काही मोठी सभाच आहे. म्हटलं, मला घाबरवायचा बेत दिसतो. मुद्दाम ताठ मानेनं गेले.

आत हीऽऽ थंडी! शेगडी नाही, नुसता उदबत्तीचा वास. मधोमध जमिनीवर उभा राहणारा, दोन चौकटींचा घडीचा पडदा, त्यावर सारस रंगवलेले. आणि पडदा चक्क उलटा! सारसांचे पाय वर, चोची खाली, पाइनचं झाड आभाळातून लोंबतंय. एवढे चिन्हांचे पंडित, एक पाकळी कमी-जास्त झाली तर माझ्यावर डोळे वटारतात, आणि यांना एवढं दिसू नये? म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी असं काही ठेवतात का? मला रागच आला. चित्रं खाली ठेवली, दोन्ही हातांनी पडदा उचलला, फिरवला आणि सरळ उभा केला. आत डोकावले नाही, ते बरं दिसत नाही. पांढऱ्या अंथरुणाची कड तेवढी दिसली. पडद्याआडच्या आजोबांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, हं, आता कसं नीट झालं.

वळून बघते तर दार सताड उघडं आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आता बोलणी बसणार म्हणून मी तयारच होते. पण सेन्गोकुसाहेबांनी हळूच कपाळ चटईला टेकलं. मग सगळ्यांनी. आणि एका सुरात म्हणाले, आज तब्येत बरी दिसते.

चित्रं उचलून मी बाहेर आले. काम कसं वाटलं ते कुणी सांगितलंच नाही.

५ डिसेंबर

मोचीबाई गेली! आज मी धाकट्या बाईसाहेब झाले आहे. ओतामिनं आंघोळीचं पाणी काढलं, जेवणात अख्खा मासा वाढला. चहा परत पाठवणाऱ्या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी दार सरकवलं. चेष्टेची नवी तऱ्हा असेल म्हणून मीही मिरवून घेतलं. म्हटलं, बाईसाहेबांना अजून एक वाटी भात वाढा. पण कुणी हसलंच नाही. ओतामि भात घेऊन आली आणि डोळे खाली ठेवून वाढून गेली. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, चेष्टा काही संपेना. शेवटी मी ओरडले, पुरे झालं आता! तर ती सगळी अजूनच खाली वाकली.

सकाळपासून तोंडाला लोखंडाची चव आहे. चुळा भरून थकले.

६ डिसेंबर

फुशिमीला जाऊन आले. अक्षर वेडंवाकडं येतंय.

सगळं गंमत म्हणून सांगत होते. पडद्यापाशी आले तशी तोकुजिच्या आईच्या हातातली पळी खाली पडली. तोकुजि पांढराफटक. त्यानं मला दोनदा विचारलं, की उलटा होता का, नक्की उलटा होता का? मग म्हणाला, मिसाओ, मेलेल्या माणसाच्या उशाशीच पडदा उलटा उभा करतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मला नव्हतं ठाऊक! कुठून असणार? आमच्या आश्रमात जी पोरं मेली ती चटईत गुंडाळून हातगाडीवर गेली. त्यांच्या उशाशी पडदे कोण लावणार होतं? घरात माणूस मेला की काय करतात, हे ज्यांना घर असतं त्यांना कळतं. इतकी लाज वाटली, इतका संताप आला, की तिथंच हमसून रडले.

म्हणजे ते रोज सकाळी मढ्याच्या तब्येतीची चौकशी करतात. आणि मी त्या मढ्याला म्हणाले, आता कसं नीट झालं.

नोकरी गेली खड्ड्यात. उद्या ट्रंक आणि किमोनो घेऊन निघते. तोकुजि बरोबर येतो म्हणत होता, मी नको म्हटलं, सकाळचा तोफू कोण काढणार? त्याची आई म्हणाली, किमोनो राहू दे तिथंच, पोरी. का म्हणून? तो माझा आहे.

७ डिसेंबर

किमोनोच्या छातीवरचं एक वर्तुळ भरलंय.

शिराकुरांचं चिन्ह. घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी, वर्तुळात एक आडवा आणि एक उभा दांडा. उजेडात नेऊन पाहिलं. रेघ माझीच आहे. टोकाशी कुंचला उचलताना मी जो बारीक हिसका देते तोसुद्धा आहे. मी काढलेलं नाही! औषध लावून चिन्ह उतरवलं, पांढरं स्वच्छ केलं, वाळत घातलं. वाळेपर्यंत पुन्हा आलं, आणि शेजारचंही भरलं.

किमोनो तिथंच टाकून ट्रंक उचलली आणि खाली आले. दारात सगळे सभासद गुडघ्यांवर बसलेले, पाय ठेवायला जागा नाही. वाट सोडा म्हटलं की अजून खाली वाकतात. कुणी हात लावत नाही, कुणी अडवत नाही. पण माणसांच्या पाठींवर पाय देऊन मी जाऊ कशी? तेही केलं शेवटी. दोन पाठी तुडवल्या. तिसऱ्या पाठीवर असताना सेन्गोकुनं शांतपणे विचारलं, की निघालात कुठं बाईसाहेब, कुणाचं नाव सांगाल तिथं? मी तोंड उघडलं आणि म्हटलं, शिराकुरा.

मला ते म्हणायचं नव्हतं. मला कावाबे म्हणायचं होतं.

ओतामिनं माडीवर आणून झोपवलं. केस सारखे करताना म्हणाली, की पडदा सरळ करतो तो सगळ्या घरासमोर सांगतो, हा मेलेला नाही. असं पोटच्या पोराशिवाय कोण म्हणतं? या घरात वारस असाच ठरतो. आम्ही कुणी हात लावला असता तर आमचे पूर्वज आम्हाला सोडते का? तुमच्यामागे कुणीच नाही. तुम्ही कोऱ्या आहात.

त्या किमोनोसारखी. म्हणूनच बोलावलं होतं मला.

८ डिसेंबर

दालनात घुसले. म्हाताऱ्याला म्हणणार होते, की तुझा वंश बुडाला तर बुडू दे मेल्या, माझं नाव मला परत कर. पडद्याआड पाहिलं. कुणीच नाही. अंथरूण स्वच्छ, पांढरं, घडी न मोडलेलं.

कुठं नेलं त्यांना, म्हणून विचारलं. ओतामि म्हणाली, कुठं जातील? तुम्ही आहात ना.

१० डिसेंबर

दोन्ही बाह्या भरल्या.

तोंडात आडवं काहीतरी आहे. आरशात दिसत नाही. जीभ लावली की गार लागतं, ओठांच्या कडा सोलल्यात.

तोकुजि आला होता. फाटकाशी हाका मारत होता, मिसाओ, ए मिसाओ! धावत गेले. फाटक बंद, फटीतून त्याचं नाक दिसत होतं, थंडीनं लाल झालेलं. मला सांगायचं होतं, की फाटक तोड आणि मला ने. आणि मी म्हणाले — माझ्याच आवाजात, अगदी शांतपणे — या नावाचं इथं कुणी नाही.

तो आधी हसला. म्हणाला, थट्टा पुरे, आई जेवायला थांबलीय. मग दोन्ही हातांनी फाटक हलवून पाहिलं. मग म्हणाला, मी परत येईन. तू काहीही म्हण, मी येणारच.

मागून सेन्गोकु म्हणाला, छान बोललात, बाईसाहेब.

१२ डिसेंबर

आवाज गेला. लिहिता येतं अजून. कावाबे मिसाओ. कावाबे मिसाओ. आडनाव लिहायला आज फार वेळ लागला — हात दुसरीच अक्षरं वळवू बघतो —

मला पडद्याआड निजवतात. काळा किमोनो अंगावर. पाठीवरचं वर्तुळ दिसत नाही मला. तेवढं एक कोरं असू दे, देवा.

सकाळी एकेक जण येतो. पलीकडे बसतो. आज तब्येत बरी दिसते.

सुचलं! पडदा सरळ केला म्हणून हे सगळं झालं. मग उलटा करायचा. शिराकुरा मेला, घराणं संपलं, पाटी खाली. इतकं सोपं, आणि मला इतके दिवस —

उद्या. उजेडी. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

१३ डिसेंबर

केला! सगळे समोर बसले होते. मी उठले आणि उचलला. जड होता, फार जड — फिरवला — उलटा उभा केला. संपलं तुमचं घराणं.

कुणी ओरडलं नाही. अडवलं नाही.

जपमाळ वाजतेय. सेन्गोकु रडका आवाज काढून म्हणतोय — शिराकुरांच्या बाईसाहेब गेल्या.

बाईसाहेब —

मी. घराण्याचं मुख्य माणूस आता मीच होते की गं. मीच माझ्या उशाशी —

पाय गार पडले. गुडघ्यापर्यंत. पाठीवर ओला कुंचला फिरतोय — वर्तुळ — आडवा दांडा — उभा —

फाटक मोडलं. तोकुजि! तोकुजिचा आवाज. ओरडत आत येतोय, कुठं आहे ती म्हणून. बाई गं, आला तो. आला.

पडदा पाहिला त्यानं. थांबला.

त्याला ठाऊक आहे उलटा म्हणजे काय. रडतोय. म्हणतोय, मेली नाही. ती मेलेली नाही. खोटं आहे हे —

सेन्गोकु सरकून वाट देतोय. सगळे सरकले. सगळे वाकले.

नको. तोंड उघडत नाही — लोखंड — पलीकडे कसं कळवू —

तोकुजि, मी मेले म्हण. तोंडानं म्हण आणि घरी जा. आई थांबलीय. हात लावू नकोस, तुझ्याही घराला चिन्ह नाही, तूही कोरा —

बोटं दिसली. चौकटीवर, दोन्हीकडून. उचलतोय.

तोकुजि नको, सरळ करू न